आबांना चालेल असा सोपा मासा

पुण्याहून निघताना माझ्या हातात थर्मोकोलचा रिकामा डबा होता. तो पाहून कंडक्टरनं विचारलं, आत औषधं आहेत का, म्हणजे उन्हात ठेवायला नको. मी म्हटलं, सध्या काही नाही, येताना मासे असतील. त्यानं तिकीट फाडलं आणि डबा मांडीवरच ठेवायला सांगितलं. लोक देवदर्शनाला जातात, हवापालटाला जातात, मुलीला स्थळ बघायला जातात. मी ताम्हिणीमार्गे रोह्याला आणि तिथून पेणला निघालो होतो तो एक सोपा मासा निवडायला.

हा उद्योग माझ्या मागे लावला माझ्या सासऱ्यांनी. माझी बायको मेधा पेणच्या पलीकडची, खाडीकाठच्या गावातली. सासूबाई गेल्यापासून तिचे वडील, म्हणजे आबा, तिथे एकटेच राहतात. थोडी खारजमीन, घरामागे एक तलाव आणि दोन्हींभोवती मातीचे बांध. गेल्या पावसाळ्यात आबा बांधावरून घसरले आणि शेजाऱ्याला दिसेपर्यंत चिखलात पडून राहिले. फार लागलं नाही, पण तेव्हापासून त्यांनी फोन उचलला नाही की मेधाच्या हातातलं काम थांबतं. पुढचा पाऊस लागायच्या आत त्यांना कायमचं पुण्याला आणायचं, हे तिनं ठरवून टाकलं. आबांनी वादही घातला नाही. लगेच म्हणाले, येतो की. फक्त रातच्या जेवणाला मासळी लागते, तेवढी एखादी सोपीशी मासळी जावयबापूंना नीट जमली की मी पिशवी भरली म्हणून समजा.

आता आमच्या घरी स्वयंपाक माझ्याकडे आहे. मेधा शाळेत मुख्याध्यापिका, तिला यायला उशीर होतो आणि मी निवृत्त. पण मी कऱ्हाडकडचा. मटणाच्या रश्श्याबद्दल मी कुणाशीही भांडेन. मासा मात्र मला परका. तरीही गेल्या दिवाळीत आबा चार दिवस राहायला आले तेव्हा मी जिद्दीनं पापलेट केलं. आबा म्हणाले, चांगलंय, पण हे आजारी माणसाचं खाणं. दुसऱ्या दिवशी सुरमई तळली. तीही चांगली होती, पण ती खाताना त्यांना लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखं वाटलं आणि रोज कुणी पंगतीत बसत नाही. बांगड्याचा वास आमच्या सोसायटीच्या चेअरमनला आवडला नाही, त्यामुळे तो निकाल लागायच्या आधीच बाद झाला. आमची मुलगी काट्याला घाबरते, ही आणखी एक अडचण. तेव्हा काटे कमी, साफ करायला अर्धा दिवस जाणार नाही, कढईत फुटणार नाही आणि आबा नाव ठेवणार नाहीत असा मासा मला हवा होता. पहिल्या तीन गोष्टी कुठेही मिळाल्या असत्या.

घाट उतरून गाडी खाली आली तशी हवा जड झाली आणि माझ्या शर्टानं पाठीशी सलगी केली. कोलाड मागे पडलं. भात कापलेल्या शेतांत वालाच्या शेंगा सुकत आल्या होत्या आणि त्या शेतांना खेटून नव्या इमारतींचे बोर्ड उभे होते. मेधाची थोरली बहीण सुलभाताई रोह्याला लागूनच असलेल्या वरश्यात राहते. तिचे यजमान, माझे साडू, धाटावला एका कंपनीत आहेत. मी पोचलो तेव्हा ते दुसऱ्या शिफ्टला निघतच होते. हेल्मेट घालता घालता त्यांनी मला शुभेच्छा दिल्या. त्यात सहानुभूती जरा जास्त होती, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही.

ताईकडे माझं पहिलं शिक्षण झालं. तिच्या मते सोपी मासळी म्हणजे सुकी. जवळा (बारीक सुकी कोळंबी) कांद्यावर परतायचा, दोन मिरच्या, कोकम, झालं. शिफ्टवरून माणूस कधीही येवो, तो गरम करून वाढता येतो आणि बिघडत नाही. ताईच्या घरात रात्रीचं जेवण घड्याळावर नाही, कंपनीच्या बसवर चालतं, त्यामुळे तिचं हे शास्त्र मला पटलं. मी दोन भाकऱ्यांबरोबर तो जवळा खाल्ला आणि आमचा शोध इथेच संपला असं जाहीर केलं.

ताई हसली. मग तिनं मला खरी गोष्ट सांगितली. आबांना कायमचं राहायला तिनंही बोलावलं होतं, आमच्या आधी. आबा तेव्हाही लगेच हो म्हणाले होते. अट फक्त एवढीच होती की वरश्याच्या पाण्यात भात मऊ शिजला पाहिजे. ताईनं तांदूळ बदलले, पातेलं बदललं, शेवटी गावाकडून त्यांच्याच शेतातला तांदूळ आणून शिजवला. आबांनी एक घास खाऊन तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, तुझा दोष नाय गो, पान्याचा हाय. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं ते घरी परतले.

"आमच्या गावात लेकीच्या घराला आणि जावयाला तोंडावर नाय म्हणत नाहीत," ताई म्हणाली. "अट घालतात. नाय जमली तर कुणाचा मान जात नाय."

"आणि जमली तर?"

"जमली तर शब्द पाळतात. पण अट घालणारा माणूस तेवढा विचार करूनच घालतो ना."

रात्री गादीवर पडल्यापडल्या मी यावर विचार केला. विमा कंपनीत दावे तपासण्यात माझं आयुष्य गेलं आहे. अट कशासाठी घातली याच्याशी आम्हाला कधी कर्तव्य नव्हतं. ती पुरी झाली की दावा मंजूर करावाच लागतो. आबांनी आजवर लेकींना चकवलं होतं, अटी वाचायची सवय असलेला माणूस त्यांना भेटला नव्हता. मी खूश होऊन झोपलो.

सकाळी रोह्याहून गाडीत बसलो. खिडकीतून आधी डोंगर, मग वालाची शेतं आणि पेण जवळ येऊ लागलं तशी सपाट, भेगाळलेली खारजमीन दिसायला लागली. पेणला उतरून थेट मासळीबाजार गाठला. शेजारी शेजारी बसलेल्या दोन कोळणींपैकी एकीसमोर मी डबा ठेवला आणि करायला सगळ्यात सोपा मासा कोणता, असं नम्रपणे विचारलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"सोपा करनाऱ्याला, का खानाऱ्याला?"

मी म्हटलं, दोघांनाही. तेव्हा शेजारची म्हणाली, असा मासा अजून पान्यात नाय. मग त्या दोघींचं माझ्यावरून जुंपलं. एकीच्या मते बोंबील सोपे, त्यांना काटाच नसल्यासारखा. दुसरीच्या मते पुण्याच्या माणसाच्या हातात बोंबलाचं पिठलं होईल. पहिली म्हणाली मग कोळंबी. दुसरी म्हणाली कोळंबी काय मासळी हाय का. मी या चर्चेचा श्रोता म्हणून उभा होतो. शेवटी पाटीत वळवळणाऱ्या निवट्या (खाडीच्या चिखलात उड्या मारणारे बोटभर मासे) दिसल्या. त्या लहान होत्या. जे लहान ते सोपं, असा माझा सरळ हिशेब. शिवाय जिवंत, म्हणजे ताज्या आहेत की नाहीत हे ओळखायचा प्रश्न नाही. मी त्या डब्यात भरून घेतल्या. त्या दोघी एकदम गप्प झाल्या, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

रामवाडीजवळ गावाकडे जाणारी मिनीडोर (वडाप करणारी मोठी रिक्षा) भरत होती. मी डबा पायाशी ठेवला. निवट्यांचा जीव गुदमरू नये म्हणून झाकण किंचित उघडं ठेवलं, हा माझा प्राणिमात्रांबद्दलचा कळवळा. हमरस्ता सोडून गाडी आतल्या खड्ड्यांत शिरली आणि पहिल्याच खड्ड्यात डबा लवंडला. पुढचं वर्णन करताना आजही माझे कान गरम होतात. निवटी पाण्याबाहेर मरत नाही, पळते. एक समोरच्या बाईंच्या भाजीच्या पिशवीत गेली, एक ड्रायव्हरच्या पायाखाली, बाकीच्यांनी आपापल्या मर्जीनं दिशा ठरवल्या. गाडी थांबली. सगळे प्रवासी उतरून निवट्या पकडायला लागले आणि पकडता पकडता मला नाव-गाव विचारायला लागले. आबांचा जावई म्हटल्यावर त्या भाजीवाल्या बाई म्हणाल्या, व्हय का, मासळी शिकतायत ते तुम्हीच काय. म्हणजे माझी कीर्ती माझ्याआधी पोचलेली होती.

आबा पडवीत बसले होते. उरलेल्या निवट्या पाहून ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. निवट्या राखेत घोळून एकेक धरून साफ कराव्या लागतात आणि त्या हातात राहत नाहीत, हे त्यांनी मला आनंदानं समजावलं. गावातल्या बायाही सणावाराला ते काम एकमेकींवर ढकलतात म्हणे. मग डबा उचलून ते घरामागे गेले आणि सगळ्या निवट्या त्यांनी तलावात ओतल्या. पाणी क्षणभर शांत राहिलं. नंतर खालून काहीतरी जाडजूड फिरलं आणि एका झटक्यात निवट्या दिसेनाशा झाल्या.

"जिताडा," आबा म्हणाले, जसं कुणी आपल्या परदेशातल्या मुलाचं नाव सांगतं.

खाडीत पावसाळ्याच्या तोंडाला जिताड्याची पिल्लं मिळतात. ती आणून तलावात सोडायची, बारकी मासळी खायला घालायची आणि दोन-तीन वर्षं वाट पाहायची. इथल्या घरोघरी हा तलाव असतो. त्यातला मासा सहसा बाजारात जात नाही. तो पाहुण्याला, व्याह्याला, जावयाला आणि जमिनीचं काम अडलं असेल तर साहेबाला जातो. आबा तलावाबद्दल बोलायला लागले की थांबत नाहीत. जिताड्याला मधला काटा सोडला तर त्रास देणारा काटा नाही. मांस जाड, कालवणात (माशाच्या पातळ आमटीत) फुटत नाही. पोरं खातात, म्हातारे खातात. "आनि करायला तर इतका सोपा," आबा म्हणाले, "का तुमच्यासारक्याला पन बिघडवता याचा नाय."

बोलून गेले आणि थांबले. आपल्या माशाच्या अभिमानापायी आपण काय करून बसलो हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांच्या लक्षात आलं हे माझ्याही. मी शांतपणे म्हटलं, आबा, मग उद्या हाच करतो. जावयाला नाही म्हणायची पद्धत नव्हती. आबा म्हणाले, व्हय, करा की.

संध्याकाळी त्यांच्याबरोबर बांधावरून फिरलो. ते काठी टेकत पुढे, मी मागे. दर चार पावलांवर थांबून ते खेकड्यानं पाडलेलं भोक पायानं चेपत होते. उघाडीजवळ (खाडीचं पाणी आत घ्यायच्या, बाहेर सोडायच्या झडपेजवळ) त्यांनी वाकून पाण्याची चव घेतली आणि थुंकले. पलीकडच्या बांधावरून शेजारच्या हरीभाऊंची हाक आली, आबा, हाय काय. आबांनी हाय म्हणून उत्तर दिलं. ते चिखलात पडले त्या दिवसापासून हरीभाऊ रोज दोन वेळा ही हाक घालतात. उत्तर आलं नाही तर ते हातातलं टाकून येतात. मी पुण्यातल्या आमच्या शेजाऱ्याचं आडनाव आठवायचा प्रयत्न करत होतो.

सकाळी हरीभाऊंनीच पाग (हातानं फेकायचं जाळं) टाकला. दुसऱ्या फेकीला जिताडा आला, चंदेरी, माझ्या दंडाएवढा. आबांनी तो स्वतः साफ केला, तुकडे माझ्या हवाली केले आणि मुद्दाम पडवीत जाऊन बसले, कारण परीक्षा माझी होती. मी हळद, मीठ, आगळ (कोकमाचा आंबट रस) लावून निम्मे तुकडे मुरवले. लसूण ठेचून तेलात टाकला, ओल्या खोबऱ्याचं वाटण परतलं, पाणी घातलं, उकळी आली तसे तुकडे अलगद सोडले. आबा खोटं बोलले नव्हते. एकही तुकडा फुटला नाही. चमचाभर चाखलं आणि मला स्वतःचाच हेवा वाटला. असं कालवण मी आयुष्यात केलं नव्हतं. दावा मंजूर.

तेवढ्यात पडवीतून आवाज येईना म्हणून डोकावलो. वास बाहेर पोचला होता. आबांनी खुंटीवरची कापडी पिशवी काढली होती आणि त्यात एक धोतर घडी करून ठेवत होते. घडी नीट बसत नव्हती, ते पुन्हा उलगडत होते. मला पाहून म्हणाले, वासावरनं जमलंय. मग विचारलं, तुमच्या खिडकीतनं काय दिसतं? मी म्हटलं, पार्किंग. त्यांनी मान हलवली, जणू तेही वाईट नाही.

"हरी तलाव बघंल म्हनतो," ते म्हणाले. "पन त्याचा त्याला काम काय कमी हाय का. दोन म्हयन्यांत बांध फुटंल. असूं दे. शब्द दिलाय."

मी स्वयंपाकघरात परत आलो. मला फार वाईट वाटलं. जिंकल्यावर इतकं वाईट वाटतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चुलीशेजारी मिठाची बरणी होती. मी मूठ भरली आणि कालवणात टाकली, ढवळलं आणि मन घट्ट करून आणखी अर्धी मूठ टाकली.

जेवायला बसलो. आबांनी पहिला घास घेतला आणि त्यांचा जबडा मध्येच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहत होतो. माझ्याच्यानं तो घास गिळवत नव्हता.

"जावयबापू," ते अगदी हळू म्हणाले, "मीठ जास्त झालाय."

"हो आबा. हात सुटला."

"मंग आता कसा जमायचा?"

"नाही जमायचं. मला परत शिकायला यावं लागेल."

आबांनी भातावर आणखी कालवण ओतून घेतलं, ते संपवलं आणि पुन्हा घेतलं. तांब्याभर पाणी प्यायले. हात धुवून आले ते पिशवीतलं धोतर काढून त्यांनी दोरीवर टाकलं, धुतलेलं नव्हतं तरी. निघताना उरलेला कच्चा जिताडा बर्फ घालून माझ्या डब्यात भरला आणि हरीभाऊंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, पोरगा चांगला हाय, पन मिठाचा अंदाज नाय.

परतीच्या वाटेवर खोपोलीचा घाट चढताना मी मेधाला काय सांगायचं याची तयारी केली. घरी बसून सोपा मासा शोधणाऱ्या वाचकांना माझं उत्तर तयार आहे, ते म्हणजे जिताडा. त्याला काटे कमी, तो फुटत नाही आणि अर्ध्या तासात होतो. फक्त त्यासाठी घरामागे तलाव लागतो, खाडीचं पाणी लागतं आणि रोज बांधावर फिरणारा एक म्हातारा लागतो. यातली एक गोष्ट उचलून पुण्याला नेली तर बाकीच्या दोन्ही उरत नाहीत. एवढं समजायला मला दोन तालुके हिंडावे लागले याची लाज वाटली नाही, बरंच वाटलं.

मेधाला मी सांगितलं की खारट झालं, अट पुरी झाली नाही, आबा येत नाहीत. ती उठली आणि तिनं आबांना फोन लावला. बराच वेळ ऐकत होती. फोन ठेवून माझ्यासमोर येऊन बसली.

"आबा म्हणाले, मीठ फार होतं. दोनदा वाढून घेतलं म्हणाले."

मी डब्यातला बर्फ काढत राहिलो.

"मला भीती वाटते हो," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मी तिला हरीभाऊंच्या हाकेबद्दल सांगितलं, आणि पिशवीतल्या धोतराबद्दलही सांगितलं. मग पदरानं डोळे पुसून तिनं डबा माझ्या हातातून घेतला.

"पुढच्या महिन्यात मीही येते," ती म्हणाली. "या वेळी तिखट जास्त घालू. दर वेळी मीठच जास्त झालं तर लोक काय म्हणतील."